जुन्या गाड्यांचं टायमिंग : खूण, कान आणि बदलतं पेट्रोल

पद्मिनी, अँबॅसडर किंवा कार्बोरेटरवाली मारुती ८००. सांगली-मिरजेकडचा जुना मेकॅनिक आजही इंजिन चालू ठेवून डेल्कोचा (स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा) बोल्ट सैल करतो आणि कानाने टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, लावतो. नव्या मालकांना हा अडाणीपणा वाटतो; त्यांना पुस्तकातल्या डिग्रीप्रमाणे, इंजिनच्या पुलीवरच्या खुणेवर लावलेलं टायमिंग हवं असतं. या सवयीचं मूळ बरंचसं पेट्रोलमध्ये आहे.

फार मागचं थोडक्यात. पहिल्या मोटारींत स्पार्क पुढेमागे करायचा दांडा चालकाच्याच हाताशी असे. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये बॅटरी-कॉइलचं इग्निशन आलं. पुढे डेल्कोतली वजनं, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमचा डबा ते काम आपसूक करू लागले. मेकॅनिककडे उरली ती सुरुवातीची जागा ठरवणं, आणि भांडण त्या जागेचंच.

पुस्तकातली डिग्री ठरली तेव्हाचं पेट्रोल आता राहिलेलं नाही. पद्मिनीच्या भरात आपल्याकडे ८७ आणि ९३ ऑक्टेन (अवेळी न पेटण्याची पेट्रोलची क्षमता) अशा दोन प्रती होत्या. ८७ वर भरलेली गाडी खंबाटकी किंवा पसरणी घाट चढताना नॉक मारायची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन खडखडायचं. पिस्टन जाण्यापेक्षा ॲव्हरेज गेलेलं बरं, म्हणून टायमिंग थोडं रिटार्ड (उशिराचं) व्हायचं. तीच गाडी महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, विरळ हवेत आणखी मरगळायची.

खूणवाल्यांचंही खोटं नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, टायमिंग ॲडव्हान्स (लवकरचं) करत गेलं की आरपीएम वाढतात, आवाज गोड लागतो आणि कान फसतो. शिवाय डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे हाताची एक डिग्री क्रँकवर दोन. पण आयडलला लावलेला टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकून खूण दाखवणारा दिवा) तेवढीच जागा दाखवतो. बुश झिजलेला, स्प्रिंगा ढिल्या, डायफ्रॅम फाटलेला असेल तर तीन हजार आरपीएमला काय चाललंय ते कळत नाही. चाळीस वर्षांच्या डेल्कोत यातलं एखादं तरी असतंच. त्यामुळे शेवटचा निकाल घाटात, टॉप गिअरला. माझं झुकतं माप तिकडेच आहे.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं. त्यावर व्हॉल्व्ह सीटची चर्चा खूप झाली, टायमिंगची फारशी नाही. मग इथेनॉल : २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के, २०२२ मध्ये दहा, आता वीस. त्यातलं काही आपल्याच पट्ट्यातल्या उसाचं! इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, म्हणजे ८७ च्या धास्तीने रिटार्ड ठेवलेली गाडी आज विनाकारण ताकद वाया घालवते. पण दुसरी बाजू अवघड आहे. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण ९. कार्बोरेटरला हा फरक कळत नाही, मिश्रण पातळ होतं, गाडी अडखळते आणि दोष टायमिंगवर येतो. डेल्को कितीही फिरवला तरी हे अडखळणं जात नाही. आधी जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) बघायचा, मग पॉइंटचा (डेल्कोतल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. डेल्कोला हात त्यानंतर.