पार्श्वभूमी: शिराताकीची बंद झालेली तीन स्टेशनं

एका शाळकरी मुलीसाठी जपानी रेल्वेने अख्खं स्टेशन चालू ठेवलं, हा फॉरवर्ड जानेवारी २०१६ पासून फिरतोय. त्यात स्टेशनचं नाव कामी-शिराताकी असतं. ती मुलगी मात्र गाडी पकडायची ती क्यू-शिराताकीला. 'कामी' म्हणजे वरचं, 'क्यू' म्हणजे जुनं, 'शिमो' म्हणजे खालचं. मधलं नुसतं शिराताकी. होक्काइदो बेटावर, शिन-आसाहिकावा ते आबाशिरी या २३४ किलोमीटरच्या सेकिहोकु मार्गावरची ही चार स्टेशनं.

या खोऱ्यात १९१२ साली वाकायामाकडची शेतकरी कुटुंबं येऊन वसली. त्यांचा म्होरक्या होता मोरिहेई उएशिबा, पुढे ऐकिदो ही युद्धकला घडवणारा. रेल्वे मात्र उशिरा पोचली. १९२९ मध्ये पूर्वेकडून रूळ शिराताकीपर्यंत आले, तेव्हाच शिमो-शिराताकी उघडलं. पुढे कितामी खिंडीखालून ४,३२९ मीटरचा बोगदा काढून १ ऑक्टोबर १९३२ ला मार्ग खिंडीपलीकडच्या, पश्चिमेच्या कामिकावा स्टेशनला जोडला गेला आणि त्या दिवशी कामी-शिराताकी सुरू झालं.

क्यू-शिराताकीचा दर्जा सुरुवातीला स्टेशनचा नव्हताच. १९४७ साली तिथे 'कारी-जोकोजो', म्हणजे तात्पुरता थांबा, करण्यात आला. असे थांबे स्थानिक रेल्वे कार्यालय आपल्या अखत्यारीत मंजूर करी. आखूड फलाट, लूप (समोरच्या गाडीला वाट देण्यासाठीचा बाजूचा रूळ) नाही, तिकीटखिडकी नाही. देशभराच्या छापील वेळापत्रकात बहुतेकांचं नावही नसे. १ एप्रिल १९८७ ला सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन जेआर होक्काइदो ही कंपनी आली, तेव्हा असे बरेच थांबे एका फटक्यात 'स्टेशन' झाले. क्यू-शिराताकी त्यांतलंच.

लोक मोटारींकडे वळले, गावं ओस पडत गेली. खिंडीजवळची तीन स्टेशनं २००१ मध्येच प्रवाशांसाठी बंद झाली, त्यामुळे कामी-शिराताकी ते कामिकावा हे ३४ किलोमीटर सलग बिनस्टेशनचे झाले. या टप्प्यात साध्या गाडीची रोज एकच फेरी उरली: कामी-शिराताकीहून सकाळी ७.०४ ला पूर्वेकडच्या एन्गारू गावाकडे, संध्याकाळी ५.०८ ला उलट दिशेने. क्यू-शिराताकीला सकाळची गाडी एकच, पण परतीच्या तीन. एन्गारूच्या हायस्कूलला जाणाऱ्याला तेवढ्यात भागवता येई. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे वेळापत्रक उघडलं असतं तर गोष्ट इतकी गोड झाली नसती.

प्रवासी एक असो वा शून्य, फलाटावरचा बर्फ काढावाच लागतो. कंपनीने २०१५ मध्येच कामी, क्यू आणि शिमो ही तिन्ही स्टेशनं बंद करायचं ठरवलं. बंद होण्याची २६ मार्च २०१६ ही तारीख नव्या वेळापत्रकाची होती. जपानात शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं, त्यामुळे मुलीचं शिक्षण संपणं आणि स्टेशन बंद होणं एकाच महिन्यात आलं. त्याच दिवशी होक्काइदोची पहिली शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धावली आणि त्याच दिवशी कंपनीने एकूण आठ स्टेशनांवरची प्रवासी वाहतूक थांबवली.

आता कामिकावाच्या पुढचं स्टेशन थेट शिराताकी, ३७.३ किलोमीटरवर. शिन्कान्सेन सोडली तर जेआरच्या जाळ्यात दोन स्टेशनांमधलं हे सर्वांत मोठं अंतर. शिमो-शिराताकीला लूप होता आणि एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांच्या क्रॉसिंगला जागा लागतेच, म्हणून ते सिग्नल केबिन म्हणून राहिलं. क्रॉसिंग असलं की गाडी तिथे आजही थांबते, फक्त दारं उघडत नाहीत.