कॅम्पर व्हॅनचा घरगुती जीर्णोद्धार (फोक्सवॅगन टाइप २)

निजण्याची, रांधण्याची व सामान ठेवण्याची सोय असलेली जुनी व्हॅन मालकाने स्वतःच्या अंगणात किंवा गॅरेजात, बहुतांशी स्वतःच्या हातांनी पुन्हा रस्त्याजोगी करण्याचा उद्योग. ब्रिटन, जर्मनी, नेदर्लंड्स, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे तो विशेष रुजलेला आहे. अनेक कंपन्यांच्या गाड्यांवर असे काम होत असले, तरी त्याचे तंत्र आणि परिभाषा प्रामुख्याने फोक्सवॅगन टाइप २ या गाडीभोवती घडली. म्हणून प्रस्तुत नोंद तिच्या १९५० ते १९७९ या काळातील जर्मन गाड्यांपुरती मर्यादित ठेवली आहे.

संज्ञा : ‘जीर्णोद्धार’ हा शब्द मराठीत देवळांसाठी रूढ आहे. गाडीला तो लावणे काहींना खटकेल. पण मूळ वास्तू राखून तिचा ढासळलेला भाग नव्याने उभा करणे हा अर्थ येथे तंतोतंत लागू पडतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिवा) २०१२-१३ च्या सुमारास स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत जतन, संवर्धन आणि पुनर्स्थापन यांत भेद केला आहे. या सनदेवर वास्तुसंवर्धनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेची छाप दिसते. घरच्या कामात मात्र या रेषा फारशा टिकत नाहीत. जतन करायचे म्हणून घेतलेल्या गाडीचा उंबऱ्याजवळचा (दारांखालच्या पत्र्याजवळचा) रंग खरवडला, की त्याच दुपारी पुनर्स्थापन सुरू होते.

उगम व नाव : डच आयातदार बेन पॉन यांनी २३ एप्रिल १९४७ रोजी वहीत काढलेले डब्यासारख्या गाडीचे रेखाटन हा या गाडीचा आरंभ मानतात. व्होल्फ्सबुर्ग येथे ८ मार्च १९५० रोजी नियमित उत्पादन सुरू झाले आणि १९५६ मध्ये ते हॅनोव्हरला हलले. पुढची काच दुभागलेली पहिली पिढी १९६७ पर्यंत, तर सलग वक्र काचेची दुसरी पिढी १९७९ पर्यंत जर्मनीत बनली. इंग्रजी हौशी मंडळी त्यांना अनुक्रमे ‘स्प्लिटी’ व ‘बे’ म्हणतात.

जर्मन लोकांत रूढ असलेल्या ‘बुली’ या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. एका मतानुसार ‘बुस’ (बस) आणि ‘लीफरवागन’ (मालवाहू गाडी) यांची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले. दुसरे मत ते ‘बुलिग’, म्हणजे ठेंगणा-दणकट, या विशेषणाशी जोडते. पहिली व्युत्पत्ती अधिक प्रसृत आहे. परंतु ती खरी असती तर जर्मन लेखनात एकच ‘ल’ अपेक्षित होता, प्रत्यक्षात तो दुहेरी लिहितात. त्यामुळे दुसऱ्या मताचे पारडे किंचित जड वाटते. दोन्ही मिळून हे नाव टिकले असणेही अशक्य नाही. कंपनीने प्रारंभी हे नाव अधिकृतपणे वापरले नव्हते. बर्फ सपाट करणारी यंत्रे बनविणाऱ्या केसबोरर या कंपनीकडून तिने त्याचे हक्क २००७ च्या सुमारास मिळविले.

गाडीत घर थाटण्याची कल्पना नेमकी कोणाची, याविषयीही एकमत नाही. घोडागाड्या बनविण्याची परंपरा असलेल्या वेस्टफालिया या कारखान्याने १९५१ मध्ये काढता-घालता येणारी ‘कॅम्पिंग बॉक्स’ ही पेटी बाजारात आणली. जर्मनीत तैनात असलेल्या एका अमेरिकी अधिकाऱ्याच्या मागणीवरून ती तयार झाली, असे सांगतात. कथा शक्य कोटीतील आहे. तथापि याच काळात अनेक मालक आपापल्या गाड्यांत फळ्या ठोकून बिछाने करीत असणार, हे ध्यानात घेता एकाच गिऱ्हाइकाला श्रेय देणे घाईचे ठरेल. ब्रिटनमध्ये डेव्हन (१९५६ पासून), डॉर्मोबिल, डॅनबरी आदी कंपन्यांनी हे काम केले. डॉर्मोबिलचे एका बाजूला उघडणारे, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे छप्पर लांबूनही ओळखू येते.

गाडीची ओळख पटविणे : काम सुरू करण्यापूर्वी क्रमांक वाचावा लागतो. १९६५ च्या मॉडेलपासून चासी क्रमांक नऊ अंकी, तर १९७० च्या मॉडेलपासून दहा अंकी झाला. त्यातील पहिला अंक प्रकार, दुसरा बांधणी व तिसरा मॉडेलवर्षाचा शेवटचा अंक दर्शवितो. उदा., २३२ ने सुरू होणारा क्रमांक १९७२ च्या कोम्बीचा (माणसे व माल दोन्ही नेणाऱ्या खिडक्यांच्या गाडीचा). कॅम्पर बऱ्याचदा याच सांगाड्यावर बेतलेले असत. याशिवाय ‘एम-प्लेट’ ही धातूची छोटी पट्टी असते. तीवर रंग, इंजिन, कोणत्या देशासाठी बांधली आणि कारखान्यात बसविलेल्या जादा सोयी संकेतांकांत कोरलेल्या असतात. पट्टी सापडली नाही, तर मूळ रंगाचा पुरावा डॅशबोर्डमागे किंवा इंजिनाच्या कप्प्यात नखाएवढ्या जागेत उरलेला असतो.

पत्राकाम : सगळ्यात जास्त वेळ व पैसा येथेच जातो. या गाडीला वेगळी चासी नाही. तळाच्या तुळया, आडवे पाट आणि उंबरे (सिल) यांना वरचा पत्रा जोडून एकसंध पेटी केलेली असते. उंबरा आतील, मधला व बाहेरील अशा थरांचा असल्याने गंज आतून सुरू होतो आणि बाहेर फोड दिसेपर्यंत आतील थर बहुधा गेलेला असतो. पाणी मुरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : काचेच्या कडक झालेल्या रबराखालची पत्र्याची कडा, छपराची पन्हळ, पुढच्या चाकांच्या कमानी, बॅटरी ठेवण्याची फळी, जॅक लावण्याच्या जागा आणि मागचे खालचे कोपरे. उत्तर युरोपात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, त्याने हा नाश वेगाने होतो.

जुन्या मालकाने लांबी (पुट्टी) भरून छिद्रे झाकली असल्यास साधे लोहचुंबक फिरवून ती शोधता येतात. जाड थरावर चुंबक धरत नाही. सर्व सडका पत्रा एकदम कापून काढणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. उंबरा निघाला की मधला भाग खाली लचकतो, आणि नवीन उंबरा त्या लचकलेल्या मापालाच जोडला जातो. मग सरकता दरवाजा जन्मभर अडकतो. म्हणून गाडी जॅकच्या जागांवर न तोलता तळाच्या मुख्य तुळयांखाली घोड्या (लोखंडी टेकू) लावून समतल करतात, दारांच्या चौकटीत तात्पुरते आडवे-तिरपे लोखंडी पाइप जोडतात, एका वेळी एकच बाजू कापतात, आणि नवा तुकडा वेल्डिंगचे तुरळक टाके मारून बसविल्यावर दार लावून फटी तपासल्याखेरीज पुरते वेल्डिंग करीत नाहीत. पत्रा सुमारे १ मिमी जाडीचा असल्याने सलग वेल्डिंग केल्यास तो तापून वेडावाकडा होतो. इंच-दीड इंच मारून दुसऱ्या टोकाला जाणे, ही रीत. सांध्यांच्या आतल्या पृष्ठभागाला जस्तयुक्त प्रायमर आधीच लावतात. रंगकाम संपल्यावर पोकळ्यांत मेण फवारतात. मेण आधी फवारले तर पुढच्या वेल्डिंगच्या वेळी ते पेट घेते.

सुटे पत्रे मिळणे फारसे अवघड नाही. ब्राझीलमध्ये या गाडीची एक आवृत्ती डिसेंबर २०१३ पर्यंत बनत होती. एअरबॅग व एबीएस ब्रेक सक्तीचे झाल्याने ती थांबली. या दीर्घ उत्पादनामुळे काही भागांचे साचे जिवंत राहिले. नवीन नकली पत्र्यांची जाडी व घडी मात्र मूळ मालाशी नेहमी जुळत नाही.

इंजिन : हवेने थंड होणारे, आडव्या-समोरासमोर चार सिलिंडरांचे इंजिन मागे असते. प्रारंभी ते ११३१ घसेंमी. (घन सेंटिमीटर) व २५ अश्वशक्तीचे होते. पुढे ११९२, १४९३ व १५८४ घसेंमी. अशी वाढ झाली आणि १९७२ च्या मॉडेलपासून वेगळ्या घडणीचे १.७ ते २ लिटरचे ‘टाइप ४’ इंजिनही आले. गिअरबॉक्सला ते मुख्यतः चार बोल्टांनी धरलेले असते. ट्रॉली जॅक असला तर दोन माणसे सकाळी उतरवून संध्याकाळी परत चढवू शकतात. घरगुती दुरुस्तीची परंपरा या गाडीभोवतीच का वाढली, याचे बरेचसे उत्तर येथे आहे. दुसरे कारण, अमेरिकेत जॉन म्यूर या अभियंत्याने १९६९ मध्ये अगदी अनभिज्ञ मालकासाठी लिहिलेली हस्तपुस्तिका.

तिसऱ्या सिलिंडरचा प्रश्न स्वतंत्र उल्लेख मागतो. जुन्या बांधणीत तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या पत्र्याच्या आवरणातच, डाव्या बाजूच्या सिलिंडरांच्या वर उभा असे. त्या बाजूची हवा आधी तेलाची उष्णता घेई आणि मग सिलिंडरवर येई, परिणामी क्र. ३ इतरांहून अधिक तापे व त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर जळे. ऑगस्ट १९७० पासून (१९७१ चे मॉडेल) कूलरला वेगळा कप्पा करून त्यातील गरम हवा बाहेर सोडण्यात आली. काही डिस्ट्रिब्यूटरांत (सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागांत) क्र. ३ ची ठिणगी मुद्दाम किंचित उशिरा पडते, ती याच कारणाने, असे सामान्यतः मानतात. कूलर हलविल्याने प्रश्न पुरता मिटला असे नाही. इंजिनाभोवतीचे पत्रे व कप्प्याच्या कडेचे रबर वरची थंड हवा आणि खालची गरम हवा वेगळी ठेवतात. जीर्णोद्धारात हे ‘बिनकामाचे’ पत्रे गाळले जातात आणि इंजिन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते.

याच कारणाने टॅपेटच्या फटीला, म्हणजे व्हॉल्व्ह व तो उघडणारा दांडा यांमधील अंतराला, महत्त्व. १५८४ घसेंमी. इंजिनात ती थंड स्थितीत ०.१५ मिमी ठेवतात. व्हॉल्व्ह ताणला की फट मिटते, तो आसनावर नीट टेकत नाही, उष्णता हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) देता येत नाही आणि तो तुटून पिस्टनवर पडतो. जुने मेकॅनिक दर ५,००० किमी.ला फट तपासायला सांगतात. ठिणगीचा क्रम १-४-३-२. विद्युत प्रणाली १९६६ पर्यंतच्या मॉडेलांत ६ व्होल्टची, नंतर १२ व्होल्टची.

इंधन व आग : पेट्रोलची टाकी इंजिनाच्या पुढे, उंचीवर असते. नळी तडकली तर पेट्रोल गुरुत्वानेच खाली वाहते. ‘टाइप ४’ सोडता इंजिनाचे मुख्य आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असल्याने एकदा पेटलेली आग विझविणे कठीण जाते. म्हणून नवीन मालकाने रंगाआधी, वेल्डिंगआधी, सर्व इंधननळ्या बदलाव्यात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मऊ करते; भारतातील २० टक्क्यांच्या मिश्रणाबाबत तर अधिकच सावध राहावे लागते. गाडी तापविण्याची व्यवस्था एक्झॉस्टभोवतीच्या पेट्यांतून जाते, त्या गंजल्या असल्यास कार्बन मोनॉक्साइड झोपण्याच्या जागेत येतो. जुन्या ब्रेक व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. तेथील धूळ हवेने उडवू नये.

आतील सजावट : प्लायवुडची कपाटे, घडीचा पलंग, चौकड्यांचे कापड. ओलाव्याने फुगलेल्या फळ्यांचे नमुने घेऊन नवीन कापतात. गॅसची शेगडी असल्यास तळाशी हवा जाण्याचे भोक मोकळे ठेवणे आवश्यक. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो.

भारतातील संबंध : १९६० व ७० च्या दशकांत इस्तंबूल-काबूल मार्गाने आलेल्या अशा गाड्या गोव्यात हणजुणेपर्यंत पोहोचत. इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांमुळे १९७९ मध्ये हा मार्ग बंद पडला. दुसरा धागा कमी परिचित आहे. जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या १९४९ च्या मूळ ‘मॅटाडोर’मध्ये फोक्सवॅगनचेच इंजिन होते, १९५२ मध्ये पुरवठा थांबल्यावर ते बदलले. पुढे त्याच कंपनीच्या परवान्याने फिरोदिया यांच्या बजाज टेम्पोने महाराष्ट्रात गाड्या बनविल्या, आणि ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीसाठी रुळला.

कायदा : जर्मनीत ३० वर्षांवरील मूळ रूपातील गाडीला १९९७ पासून ‘एच’ ही ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळते, ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरील गाडीला वाहनकर व बहुधा वार्षिक तपासणी माफ असते. भारतात जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, अव्यावसायिक गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रु. आहे. मात्र चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला असल्यास ही सवलत लागू होत नाही. उंबरे व तुळया नव्याने घातलेली गाडी या व्याख्येत कोठे बसते, हे नोंदणी अधिकाऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहते. यास्तव कापण्याआधीची छायाचित्रे व जुने पत्रे ठेवून देण्याची प्रथा आहे.