आंब्याची पानं काळी पडली की लगेच बुरशीनाशक? थांबा जरा

पुण्यात सोसायटीतल्या आंब्याची पानं काळी दिसायला लागली की ग्रुपवर ठरलेली दोन उत्तरं येतात, एकतर "ट्रॅफिकचा धूर हो" नाहीतर "बुरशी लागलीय, पावडर मारा". धूर नाहीच. बुरशी आहे, पण ती पानाच्या आत शिरतच नाही! ओल्या फडक्याने पान पुसून बघा, काळा थर निघतो आणि खाली पान हिरवंगार.

होतं काय, तुडतुडे, पिठ्या ढेकूण, खवले कीड हे रस शोषतात आणि चिकट गोड द्रव सोडतात, तो खालच्या पानांवर पडतो (झाडाखाली लावलेली गाडी चिकट होते ना, तोच) आणि त्यावर ही काळी बुरशी, म्हणजे काजळी, वाढते, म्हणजे नुसतं बुरशीनाशक मारलंत तर कीड वर मजेत आणि काजळी परत हजर. खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली की वर कीड असणार असं धरून चाला.

आधी पाण्याचा जोरदार फवारा. मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा लिक्विड सोप, आणि पानाच्या खालच्या बाजूला नीट मारा, तिथेच सगळे आळशीपणा करतात. आंबे उतरवले की दाट फांद्या विरळ करा, ऊन-वारा आत गेला पाहिजे.

करपा हा बुरशीचा रोग वेगळा. कोवळ्या पानांवर तपकिरी ठिपके, पुसून जात नाहीत. तिथे कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक, लिटरला ३ ग्रॅम, तेही नवी पालवी फुटताना, कारण पडलेले डाग त्याने जात नाहीत. गळलेली रोगट पानं मात्र झाडाच्या आळ्यात ठेवू नका.