शेती झोनचा रहिवासी झोन होतोय? हरकत कोणी, कुठे आणि कशी नोंदवायची

गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याला सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळी माळावर, चुन्याच्या रेषा दिसतात, कडेला चिरे रचलेले दिसतात, आणि मग चौकशी सुरू होते. तोवर हरकतीची मुदत बहुतेक वेळा उलटून गेलेली असते. म्हणून ही माहिती.

नगरपरिषद, नगरपंचायतीची हद्द सोडली तर कोकणातली बहुतेक गावं प्रादेशिक योजनेत, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या सरकारी आराखड्यात येतात. त्या नकाशात शेती किंवा हरित क्षेत्र म्हणून दाखवलेल्या जमिनीवर दाट वस्तीची गृहसंकुलं उभी करायची, तर आधी झोन बदलावा लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रादेशिक योजनेतला फेरबदल कलम २० खाली होतो, शहराच्या विकास योजनेतला कलम ३७ खाली. दोन्हीकडे आधी सूचना काढायची, हरकती मागवायच्या आणि मग शासनाने निर्णय घ्यायचा, असा क्रम आहे.

हा टप्पा हातचा का जाऊ देऊ नये? झोन एकदा रहिवासी झाला की बिनशेतीचं काम जवळजवळ कागदोपत्री उरतं. पुढे पर्यावरण मंजुरी आहेच की, असं काहीजण म्हणतात. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला ती लागते हे खरं, पण २००६ च्या अधिसूचनेने अशा बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. म्हणजे गावाने तोंड उघडायची हक्काची जागा ही झोनबदलाचीच.

सूचना शासनाच्या राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. ती गाव, गट नंबर, क्षेत्र अशा कोरड्या भाषेत असते. ‘गृहप्रकल्प’ हा शब्द त्यात सापडेलच असं नाही, ‘शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट’ असं वाक्य शोधा. मुदत साधारण एक महिना असते. शेवटची तारीख आणि हरकत कुणाकडे द्यायची, हे सूचनेतच वाचा. बहुतेक वेळा नगररचना खात्याचं जिल्हा कार्यालय किंवा बेलापूरच्या कोकण भवनातलं सहसंचालकांचं कार्यालय असतं. पण २०२४ साली किनाऱ्यावरच्या १,६३५ गावांसाठी सिडको या सरकारी महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण (तिथलं नियोजन बघणारी यंत्रणा) नेमलं गेलं, तेव्हापासून ‘आमचं गाव कुणाच्या अखत्यारीत?’ हा प्रश्न आधी विचारून घ्यावा. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज तिथेच पडून राहतो.

हरकत कोण घेऊ शकतो? कुणीही. सातबाऱ्यावर नाव असलंच पाहिजे असं नाही. समाईक सातबाऱ्यातला एखादा हिस्सेदार, कूळ, शेजारचा बागायतदार, त्याच विहिरीवर पाणी भरणारी बाई, मुंबईत राहणारा पण गावी घर असलेला माणूस, सगळे चालतात. ‘आपली जमीन नाही, आपण कशाला बोलायचं’ हा संकोच खाजगी व्यवहारात शोभतो, इथे नाही.

कागद फार नाहीत: ओळखपत्राची प्रत, स्वतःची जमीन असल्यास सातबारा आणि आठ-अ, वादातल्या गटांचे सातबारे, गट नकाशा (हा महाभूनकाशावर मिळतो) आणि नगररचना कार्यालयाचा झोन दाखला. जमीन खाडी-समुद्रालगत असेल तर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा त्या भागाचा नकाशा जरूर जोडा. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५० किंवा २०० मीटरचा ना-विकास पट्टा येतो. गावाची लोकवस्ती किती दाट, त्यावर ते अंतर ठरतं. नकाशे मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात. मुदतही तेवढीच असल्याने अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका आणि उत्तराची वाट न बघता हरकत दाखल करा.

आता मजकूर, कारण सगळे इथेच घसरतात. ‘आमचा या प्रकल्पाला तीव्र विरोध आहे’ या वाक्यावर अधिकाऱ्याला लिहिण्यासारखं काहीच नसतं. आमच्या वाडीजवळच्या झोनबदलाच्या वेळी छापील मजकुराखाली शेकडो सह्या जोडल्या होत्या. सुनावणीत पहिला प्रश्न आला, ‘गट नंबर कुठला?’ आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. नंतर बोलली ती एक काकी. तिने वहीत लिहून आणलं होतं की सार्वजनिक विहिरीचा दोर फेब्रुवारीत सात हात लागतो, एप्रिलअखेर सोळा हात, आणि मे महिन्यात टँकर येतो. साहेबांनी पेन उचललं ते तेव्हा. कातळावर पडलेला पाऊस खाली मुरून वाडीच्या विहिरीत उतरतो, त्याच कातळावर इमारती आणि वर बोअरवेल आल्या तर खालची विहीर खारी होईल, हे तिने शास्त्राचं नाव न घेता सांगितलं.

तेव्हा असं लिहा: ‘गट क्र. अमुकमधून पावसाळी वहाळ वाहतो, तो नकाशात दाखवलेला नाही. गटाला जाणारी पाखाडी (पायवाट) आठ फुटी आहे, अग्निशमनाची गाडी आत येत नाही. सबब हा फेरबदल रद्द करावा. मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे.’ शेवटचं वाक्य विसरू नका. सोबत तारखेसह फोटो. देवराई, कांदळवन, खाजण, मासे सुकवायची जागा, कातळशिल्पं यांची नोंद गट नंबरासकट करा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, जवळपास शिल्पं असतील तर हा मुद्दा वजनाचा आहे. आणि प्रत्येकाने वेगळी हरकत द्यावी. एका कागदावर दोनशे सह्या म्हणजे नोंदवहीत एकच क्रमांक पडण्याची भीती.

ग्रामसभेचा ठराव सोबत असला तर उत्तम. तो सरकारला बांधील नसतो, पण फाइलमध्ये राहतो आणि पुढे कोर्टात दिसतो. गणपूर्ती पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या. हजेरीच्या सह्या त्याच दिवशी पूर्ण करून घ्या.

हरकत दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घ्या. मुंबईकरांनी स्पीड पोस्टाने पाठवावी, पावती जपावी.

इतकं करून फेरबदल मंजूर झालाच, तर उच्च न्यायालयात रिट याचिका. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, रायगडवाल्यांना मुंबईच. पर्यावरण किंवा सीआरझेड मंजुरीविरुद्ध पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपील करता येतं, त्याची मुदत ३० दिवस. दोन्हीकडे वकील पहिल्यांदा मागतो ती हरकतीची पोच.