सार्वजनिक आरोग्यात पीएचडी: ठाणे-नवी मुंबईकरांनी अर्जाआधी काय तयार ठेवावं

पीएचडीच्या अर्जाची कागदपत्रं आठवड्याभरात जमतात, सिनॉप्सिसला, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याला, महिने लागतात. तेव्हा कागदांचं आधी उरकून घेऊ.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रीमिलेअर), ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्के सवलत. प्रवेश राष्ट्रीय पात्रता परीक्षेवर (नेट) किंवा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेवर. विद्यापीठाच्या परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे असतात. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, मायग्रेशन (आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला), जातीचा दाखला हे नेहमीचंच. नोकरी सांभाळून अर्धवेळ करणाऱ्यांनी मात्र कार्यालयाची एनओसी (ना-हरकत पत्र) नीट वाचावी. अर्धवेळ पीएचडीची परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू, या तिन्ही गोष्टी त्यात लागतात. माझ्या पत्रात तिसरं वाक्य नव्हतं. त्या एका ओळीसाठी साहेबांच्या केबिनबाहेर पुन्हा तीन दिवस.

आता सिनॉप्सिस. मुलाखतीत खरी पारख होते ती आकडेवारीच्या समजेची. आपल्याच जिल्ह्याचं घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतला (२०१५-१६) 'ठाणे जिल्हा' २०११ च्या जनगणनेतला, म्हणजे पालघरसकट. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, तरी त्या फेरीत तो ठाण्यातच धरलाय. पाचव्या फेरीत (२०१९-२१) पालघर स्वतंत्र. जव्हार-मोखाड्यासारखे कुपोषणाचे तालुके पालघरसोबत ठाण्याच्या यादीतून गेल्यावर कुपोषणाचा आकडा खाली आला, तर ते योजनेचं यश कसं म्हणायचं? दोन फेऱ्यांच्या फॅक्टशीट (जिल्ह्याच्या आकड्यांचे तक्ते) शेजारी ठेवून 'सुधारणा' लिहिणारा उमेदवार इथेच सापडतो. एसपीएसएस किंवा आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअर चालवणं शिकता येतं, हा संशय आधी यायला हवा.

पुढचा प्रश्न परवानगीचा. शहरातल्या आरोग्य केंद्रात काम करायचं तर महापालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी, शहापूर-मुरबाडला जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. कुणाला पत्र देणार हे सिनॉप्सिसमध्येच लिहा.

संमतीपत्र उत्तर देणाऱ्याच्या भाषेत हवं. भिवंडीच्या मराठी न येणाऱ्या यंत्रमाग कामगाराला मराठी फॉर्म देऊन अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. आणि एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिकता तपासणारी समिती) मंजुरी हातात पडेपर्यंत एकही प्रश्नावली भरून घ्यायची नाही, पायलटची, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीचीसुद्धा.