हृदय-फुप्फुस यंत्र

हृदय थांबवून त्यावर शस्त्रक्रिया करताना रक्त खेळते ठेवणारे आणि त्यात प्राणवायू मिसळणारे यंत्र. शस्त्रक्रियागृहात त्याला ‘पंप’ म्हणतात; तो चालवणारा तंत्रज्ञ म्हणजे परफ्युजनिस्ट. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात त्याचा माणसावर पहिला यशस्वी वापर केला. मराठवाड्यातील रुग्णांना बायपास, जन्मजात छिद्र बुजवणे आणि संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप बदलणे यांसाठी पंपावर घेतात.

आधी वजनाच्या दर किलोला ३०० ते ४०० युनिट हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) देतात. रक्त गोठण्याची वेळ (एसीटी) ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंप सुरू करत नाहीत, नाहीतर ऑक्सिजनेटरमध्येच (यंत्राच्या प्राणवायू मिसळणाऱ्या भागात) गुठळी धरते. हृदयाच्या उजव्या कर्णिकेतून (वरच्या कप्प्यातून) आलेले रक्त यंत्राच्या टाकीत उतरते. तिथून पंप, ऑक्सिजनेटर व गाळणीतून महाधमनीत जाते. प्रवाह शरीराच्या दर चौरस मीटरला मिनिटाला सुमारे २.४ लिटर. हृदय थांबवतो तो कार्डिओप्लेजिया हा पोटॅशियमयुक्त द्राव.

नळ्या आधी १ ते १.५ लिटर द्रवाने भराव्या लागतात आणि आपल्याकडची खरी अडचण इथे येते. ४२ किलो वजनाच्या, ९ ग्रॅम हिमोग्लोबिनच्या बाईच्या अंगात रक्तच जेमतेम पावणेतीन लिटर. त्यात सव्वा लिटर द्रव मिसळला की हिमोग्लोबिन ६ च्या आसपास येते. म्हणून तातडी नसेल तर आधी रक्तक्षय भरून काढावा. नसता आखूड नळ्या वापराव्यात किंवा भरणीतच रक्त घालावे.

सर्वांत मोठी भीती हवेची. टाकी रिकामी झाली तर हवा थेट मेंदूकडे जाते, म्हणून पातळीचा इशारा कधीही बंद ठेवू नये. शेवटी हेपॅरिन उतरवणारे प्रोटामिन १० ते १५ मिनिटांत सावकाश द्यावे. घाई केली तर रक्तदाब कोसळतो.

गुंतागुंत नसेल तर श्वासासाठी घातलेली नळी बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी निघते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ठोके अनियमित होऊ शकतात. तारांनी शिवलेले छातीचे हाड जुळायला ८ ते १२ आठवडे लागतात. तोवर घागर उचलणे, मोटारसायकल चालवणे बंद. बीड-धारूरकडच्या ऊसतोड कामगाराने तर त्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊच नये, मुकादमाची उचल घेतलेली असली तरी. कुटुंबाने हे शस्त्रक्रियेआधीच ठरवावे.

धातूची झडप बसवली तर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेसाठी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) २.५ ते ३.५ राखतात. ऊसतोडीच्या फडावर गेलेल्यांची तपासणी नेमकी तिथेच चुकते आणि झडपेवर गुठळी धरते. निघण्यापूर्वी फडाजवळची प्रयोगशाळा शोधून ठेवावी. मेथी-पालक सोडायची गरज नाही, प्रमाण रोज सारखे असावे. गावात ताप-अंगदुखीला कमरेत इंजेक्शन घेऊ नये, आत रक्त साकळते. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकेही टाळावीत.