वेचणीनंतर कोणती मालिका पुन्हा लागते?

विदर्भातल्या गावांत ऑक्टोबरपासून टीव्हीसमोरची माणसं पांगतात. आधी सोयाबीनची सोंगणी, मग कपाशीची वेचणी. शेतीपंपाला रात्रीची वीज असेल तर घरातलं एखादं माणूस ओलितासाठी वावरात. रोजची मालिका आठ-पंधरा दिवस सुटते. हंगाम उरकल्यावर ती पुन्हा लागली, तर तिची बांधणी पक्की समजावी.

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून जेमतेम 22 मिनिटांची कथा असते. आठवड्याला सहा भाग धरले तर 132 मिनिटं, म्हणजे दर आठवड्याला जवळपास एक चित्रपट. इतका ऐवज कोणत्याच लेखकाकडे नसतो. मग एकच बातमी घरातल्या चौघांना चारदा सांगितली जाते, कॅमेरा प्रत्येक चेहऱ्यावर थांबतो. वेचणीहून परतलेल्या बाईला याच पाल्हाळामुळे धागा सापडतो. रोज बघणारी तिची सासू मात्र त्यानेच कंटाळते. दैनंदिन मालिकेची खरी अडचण ही आहे.

कंटाळ्याचं मूळ मेंदूत आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की अनपेक्षित बक्षीस मिळालं की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी उसळतात. तेच बक्षीस ठरल्याप्रमाणे आलं तर उसळी येत नाही, आणि अपेक्षा लावून ते दिलंच नाही तर पेशींची क्रिया नेहमीपेक्षाही खाली जाते. शुक्रवारी नायिकेला गोळी लागते आणि सोमवारी ते स्वप्न निघतं, तेव्हा प्रेक्षकाचंही असंच काहीसं होत असावं. एकदा खपतं. तिसऱ्यांदा तो शुक्रवारीच ओळखतो.

उत्सुकता टिकते ती अर्धवट राहिलेल्या गोष्टीमुळे. मानसशास्त्रज्ञ मारिया ओव्हसियांकिना यांनी 1928 मध्ये दाखवलं होतं, की मध्येच थांबवलेलं काम माणूस कोणी न सांगता पुन्हा हाती घेतो. म्हणून चांगला पटकथाकार दोन लांबीचे प्रश्न एकाच वेळी चालवतो: एक आठवड्याभरात सुटणारा, एक महिनोन्महिने चालणारा. लहान प्रश्न सुटायच्या आधी पुढचा पेरलेला हवा. मोठं रहस्य प्रेक्षकाला आधीच ठाऊक आणि पात्रांना मात्र वर्षभर नाही, असं झालं की ओढ संपते, चीड उरते.

पात्रांशी जडलेलं नातं याहून चिवट असतं. हॉर्टन आणि वोल या संशोधकांनी 1956 मध्ये या एकतर्फी ओळखीचं वर्णन केलं. बघणाऱ्याला पात्राचा स्वभाव शेजारणीइतका ठाऊक असतो. म्हणून कलाकार बदलला तर काही दिवसांत चालून जातं, पण स्वाभिमानी सून केवळ कथानक रेटायला अचानक भोळसट झाली, तर ते पचत नाही. प्रेक्षकांचे आकडे घसरले की लीप घेतात, म्हणजे कथा एकदम वीस वर्षं पुढे जाते. जुने प्रश्न आणि जुनी माणसं दोन्ही एकदम जातात. पंधरा दिवसांनी परतलेल्या घराला मग ओळखीचं कोणीच भेटत नाही.